पटावरची सम्राज्ञी : वेरा मेंचिक

वेरा मेंचिकचा जन्म १९०६ सालचा, मॉस्कोतला. वडील झेक, आई इंग्रज. नवव्या वर्षी वडिलांनी तिच्या हाती बुद्धिबळाचा पट दिला. रशियन राज्यक्रांतीनंतर वडिलांची गिरणी गेली, आणि १९२१ मध्ये आई व धाकटी बहीण ओल्गा यांच्यासह ती इंग्लंडात हेस्टिंग्जला आली. इंग्रजी धड बोलता येत नव्हते. पटापाशी बोलावे लागत नाही, एवढीच काय ती सोय!

तेथे तिला हंगेरीच्या गेझा मारोत्सींचे मार्गदर्शन लाभले. १९२७ साली लंडनला झालेल्या महिलांच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत तिने अकरापैकी दहा डाव जिंकले, एक बरोबरीत सोडवला. पुढे मरेपर्यंत ते अजिंक्यपद तिच्याकडेच होते. पुरुषांत मात्र तिची थट्टा होई. १९२९ मध्ये कार्ल्सबाडला आल्बर्ट बेकरने, तिच्याकडून हरणाऱ्यांचा एक क्लबच काढावा, असे सुचवले. पहिला सभासद तोच झाला! त्या स्पर्धेत वेरा शेवटची आली, हेही खरे. पण नंतर त्या क्लबात माक्स ऑयवे आणि अविभाजित हिंदुस्थानचा मीर सुलतान खान यांचीही भर पडली.

स्त्रियांत तिला तोडीस तोड भेटली ती म्युनिकची सोन्या ग्राफ. १९३७ च्या सामन्यात वेराने नऊ डाव जिंकले, दोन गमावले, पाच बरोबरीत सुटले. १९३९ मध्ये दोघी ब्यूनोस आयरेसलाही समोरासमोर आल्या. सोन्या नाझींच्या विरोधात होती. जर्मनीच्या वतीने न खेळता ती कोणत्याच देशाची नसलेली खेळाडू म्हणून उतरली होती. स्पर्धा चालू असतानाच युरोपात महायुद्ध पेटले. वेराविरुद्धच्या डावात सोन्याची बाजू जिंकण्याइतकी वरचढ झाली होती. पण मोक्याच्या वेळी तिच्या चाली चुकल्या आणि डाव हातचा गेला. वेराचे अठरा गुण झाले, सोन्याचे सोळा. तो एक डाव उलटा लागता, तर दोघी सतरा-सतरावर आल्या असत्या! बारा वर्षे वेराच्या अजिंक्यपदाला धक्का लागला नव्हता. तो लागण्याची वेळ त्या दिवशी आली होती.

सोन्या अर्जेंटिनातच राहिली. वेरा लंडनला परतली. १९४३ मध्ये तिचे पती वारले. जून १९४४ मध्ये क्लॅपहॅममधील तिच्या घरावर जर्मनांचा उडता बॉम्ब पडला. वेरा, ओल्गा आणि आई तिघीही गेल्या. मिळवलेली पारितोषिकेही ढिगाऱ्याखाली नष्ट झाली.