बूट शिवणाऱ्याच्या पोराचं बीजगणित आज तुमच्या मोबाईलमध्ये बेरीज-वजाबाकी करतंय

मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर तुम्ही ५ वजा ३ करता तेव्हा आतल्या चिपमध्ये जे घडतं, त्याचं बीजगणित १८५४ साली छापून आलं होतं. तेव्हा चिप सोडा, घरात विजेचा दिवाही नव्हता. लिहिणारा होता जॉर्ज बूल, विद्यार्थी म्हणून कधीही कॉलेजची पायरी न चढलेला प्रोफेसर.

इंग्लंडमधलं लिंकन हे त्याचं गाव, जन्म २ नोव्हेंबर १८१५ चा. वडील जॉन बूट शिवायचे, पण त्यांचा जीव सगळा दुर्बिणी बनवण्यात. व्हायचं तेच झालं, धंदा बसला. पोराला गणिताची गोडी मात्र वडिलांनीच लावली. ग्रीक, फ्रेंच, जर्मन तो स्वतःच शिकला. १४व्या वर्षी त्याने केलेलं एका ग्रीक कवितेचं भाषांतर गावच्या पेपरात छापून आलं, तर एका मास्तरने वादच घातला की एवढ्याशा मुलाचं हे काम असूच शकत नाही.

१६व्या वर्षी घर त्याच्या अंगावर पडलं. आधी डॉनकास्टरला सहायक शिक्षकाची नोकरी केली, मग १९व्या वर्षी लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. दिवसा पोरांना शिकवायचं, रात्री गणित वाचायचं. गणितच का, तर म्हणे गणिताचं पुस्तक संपायला वेळ लागतो, म्हणजे तेवढ्याच पैशात जास्त दिवस पुरतं!

१८४४ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं. १८४७ मध्ये तर्कशास्त्रावरचं त्याचं छोटं पुस्तक आलं. त्याला निमित्त झालं त्याचा मित्र ऑगस्टस डी मॉर्गन याचा एक वाद. (हा डी मॉर्गन जन्मला आपल्या मदुराईत.) आणि १८४९ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजने या डिग्री नसलेल्या माणसाला गणिताचा प्रोफेसर केलं.

आता मुद्द्याची गोष्ट. शाळेत क्ष म्हणजे एखादी संख्या. बूलचा क्ष म्हणजे वस्तूंचा गट. क्ष म्हणजे पांढऱ्या वस्तू आणि य म्हणजे मेंढ्या धरल्या, तर क्ष गुणिले य म्हणजे पांढऱ्या मेंढ्या. मग पांढऱ्या वस्तूंमधून पुन्हा पांढऱ्या वस्तू निवडल्या तर? पांढऱ्याच वस्तू उरतात. म्हणजे क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष. नेहमीच्या संख्यांमध्ये हे दोघांनाच जमतं, ० आणि १. बूलने ० म्हणजे काहीच नाही आणि १ म्हणजे सगळं असं धरलं. १ वजा क्ष म्हणजे क्ष सोडून बाकीचं.

कॉम्प्युटरच्या बायनरी पद्धतीतही अंक दोनच, ० आणि १. तिथे १ अधिक १ म्हणजे १०, म्हणजे शून्य लिहायचं आणि हातचा एक. हातचा कधी येतो? दोन्ही अंक १ असतील तरच. हे झालं बूलचं क्ष गुणिले य, आजचं अँड गेट. आणि खाली १ कधी लिहायचा? दोघांपैकी नेमका एकच १ असेल तेव्हा. बूलच्या १८५४ च्या पुस्तकात ‘हे किंवा ते, पण दोन्ही नाही’ यासाठी अशी मांडणी आहे: क्ष(१−य) + य(१−क्ष). आज त्याला एक्स-ऑर गेट म्हणतात. ही दोन गेट जोडली की हाफ अ‍ॅडर तयार. मागच्या घरातला हातचाही मिळवायचा असेल तर दोन हाफ अ‍ॅडर आणि एक ऑर गेट लागतं, तो फुल अ‍ॅडर. असे आठ ओळीने जोडले की आठ अंकी बेरीज होते.

वजाबाकी तर अजून भारी. खाली लिहायचा अंक त्याच एक्स-ऑरमधून निघतो, आणि शेजारून उसना कधी घ्यायचा ते य(१−क्ष) सांगतं. पण इंजिनिअर लोक वेगळं सर्किट बांधायच्या भानगडीत सहसा पडत नाहीत. ते वजा करायच्या संख्येचे अंक उलटे करतात आणि बेरीजच करतात. ५ म्हणजे ०१०१. ३ म्हणजे ००११, उलटे केले की ११००. दोन्हींची बेरीज १०००१. त्यात १ मिळवला की १००१०. पहिला जादाचा अंक सोडून द्या, उरले ००१०, म्हणजे २. तो वरचा १ पहिल्या फुल अ‍ॅडरच्या रिकाम्या हातच्याच्या तारेतून देतात. अंक उलटे करायलाही एक्स-ऑरच लागतं: एका तारेला ० दिला तर अंक जसाच्या तसा जातो, १ दिला तर उलटतो.

बूलच्या डोक्यात यातलं काहीच नव्हतं. माणूस विचार करतो त्याचे नियम त्याला शोधायचे होते.

१८५५ मध्ये त्याने मेरी एव्हरेस्टशी लग्न केलं. होय, शिखराला ज्यांचं नाव दिलं त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची ती पुतणी. काकांमुळे भारतीय तर्कविचार बूलपर्यंत पोहोचला, असं तिने नंतर लिहिलं. फॉरवर्ड करण्याआधी एवढं लक्षात घ्या की हा दावा तिचा आहे, आणि तोही बूल गेल्यावर बऱ्याच वर्षांनी केलेला.

नोव्हेंबर १८६४ मध्ये बूल घरापासून कॉलेजपर्यंत सुमारे तीन मैल पावसात चालत गेला आणि ओल्या कपड्यांतच शिकवत राहिला. ताप चढला, न्यूमोनिया झाला. ज्याने दुखणं आलं त्यानेच ते जातं या समजुतीने मेरीने त्याला ओल्या चादरींत गुंडाळलं, असं सांगतात. ८ डिसेंबरला तो गेला. वय ४९, मागे पाच मुली, धाकटी एथेल सात महिन्यांचीही नव्हती. मेरीने लंडनला जाऊन कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी धरली. मुलींपैकी अ‍ॅलिशियाने चौमितीय भूमितीत नाव काढलं, एथेल कादंबरीकार झाली.

बूलचं बीजगणित मग बरीच वर्षं तर्कशास्त्राच्या वर्गातच राहिलं. तिथेच ते क्लॉड शॅनन नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याला भेटलं. चालू-बंद होणारे विजेचे स्विच याच नियमांनी चालतात हे त्याने १९३७ मध्ये एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात दाखवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बेल लॅब्जच्या जॉर्ज स्टिबिट्झने घरी, किचनच्या टेबलावर, टेलिफोनचे दोन रिले, टॉर्चचे दोन बल्ब आणि पत्र्याच्या पट्ट्या जोडून एक सर्किट बनवलं. दोन्ही पट्ट्या दाबल्या की बेरजेचा बल्ब विझलेला राहायचा आणि हातच्याचा पेटायचा. बायकोने त्याला नाव दिलं मॉडेल के, किचनमधला के.