दुष्काळात घर गमावलेल्या रमाबाईंनी केडगावच्या माळावर उभं केलं हजारोंचं घर

केडगाव (ता. दौंड) : पुण्याहून रेल्वेने दौंडकडे निघालं की यवत, खुटबाव सोडल्यावर केडगाव स्टेशन लागतं. इथं उतरून मुक्ती मिशन कुठं म्हणून विचारलं तर लहान पोरगंसुद्धा रस्ता दाखवतं. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ते बाहेरून पाहिलेलं आहे. पण ते इथंच, या माळावर का उभं राहिलं आणि कुणी उभं केलं, हे विचारलं तर पंडिता रमाबाई एवढं नाव सांगून माणसं थांबतात. त्यापुढची हकिकत सांगण्यासारखी आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीत, कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्या काळात हा गुन्हाच समजला जायचा. लोकांचा विरोध झाला तेव्हा ते सरळ जंगलात जाऊन राहिले. पुढे आईनेच रमाबाईंना शिकवलं. रमा काही महिन्यांची असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला निघालं आणि पुन्हा त्यांना कायमचं घर असं मिळालं नाही. देवळात पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर चूल पेटवायची आणि पुढच्या गावाला निघायचं.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. साठवलेला पैसा संपला, भांडीकुंडी विकली. भीक मागायची लाज आणि कष्टाच्या कामाची सवय नाही, अशी गत. पाला खाऊन दिवस काढले. १८७४ च्या सुमारास आधी वडील गेले, मागोमाग आई गेली, मग मोठी बहीण. आईची तिरडी उचलायला माणसं मिळेनात. दोन माणसं कशीबशी आली. रमाबाईंची उंची कमी, खांद्याला तिरडी लागेना, म्हणून त्यांनी ती डोक्यावर घेतली आणि मसणवट्यापर्यंत नेली. तेव्हा त्यांचं वय सोळाच्या आसपास.

उरले त्या आणि भाऊ श्रीनिवास. दोघं हजारो मैल पायी हिंडत १८७८ ला कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेतली आणि पंडिता, सरस्वती अशा पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झालं, तेही दुसऱ्या जातीत. पुढच्या वर्षी मुलगी झाली, मनोरमा. १८८२ च्या सुरुवातीला पटकीने नवरा गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. वय चोवीसही नाही, पदरात मूल आणि डोक्यावर छप्पर नाही.

त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला. शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे साक्ष देऊन बायकांसाठी बाई शिक्षिका आणि बाई डॉक्टर हव्यात असं मांडलं. १८८३ ला इंग्लंडला गेल्या आणि तिथं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. इकडे पुण्यात खळबळ उडाली. जोतीराव फुले मात्र त्यांच्या बाजूने उभे राहिले. १८८६ ला त्या अमेरिकेत गेल्या त्या आनंदीबाई जोशींच्या डॉक्टरकीच्या पदवीदानासाठी. पुढे तिथं गावोगाव भाषणं केली, इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि विधवांच्या संस्थेला दहा वर्षं मदत देणारं मंडळ बोस्टनला उभं केलं.

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. म्हणजे हिंगण्याच्या कामाचा एक धागासुद्धा इथूनच निघतो.

आता वादाचं. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या. १८९३ मध्ये 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. ही बाजू झाकून हा इतिहास सांगता येत नाही. पुढे केडगावला तर ख्रिस्ती शिकवण उघडच होती, त्यामुळे रागावलेल्यांचं सगळंच खोटं म्हणता येणार नाही. पण केस काढून कोपऱ्यात बसवलेल्या बारा-चौदा वर्षांच्या पोरीसाठी तेव्हा दुसरी दारं किती उघडी होती, हेही ज्याने त्याने मनात मोजावं.

इथून केडगाव येतं. अमेरिकेची मदत दहा वर्षांपुरती हे रमाबाई विसरल्या नव्हत्या. संस्था आपल्या पायावर उभी राहावी म्हणून त्यांनी इथं सुमारे शंभर एकर जमीन घेतली. विचार साधा होता : विहीर खोदायची, फळबाग लावायची आणि बागेच्या उत्पन्नावर मुली जगवायच्या. मी स्वतः शेती करतो, मला हा हिशोब लगेच समजला. देणगीचं काही सांगता येत नाही, झाड एकदा धरलं की देत राहतं.

पण झाडं मोठी होईपर्यंत १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं रस्त्यावर मरत होती. सरकारी दुष्काळी कामं होती, छावण्या होत्या, पण एकट्यादुकट्या पोरींना तिथंही भय होतं. वाईट धंद्यासाठी पोरी उचलणारे दलाल फिरत होते. रमाबाईंना आपलं सोळावं वर्ष आठवलं असणार. त्या स्वतः तिकडं गेल्या आणि मुली घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. शहरात एवढ्या नव्या मुली ठेवायला परवानगी मिळेना. मग त्यांना केडगावच्या शेतावर आणलं, तंबूत आणि गवताच्या छपरात ठेवलं. प्लेगच्या सरकारी इस्पितळातला कारभार मुलींसाठी सुरक्षित नाही हेही त्यांनी वर्तमानपत्रात उघड लिहिलं. साहेबाची भीड धरली नाही.

१८९८ ला मुक्ती सदनाची पक्की इमारत झाली. लगेच १८९९-१९०० चा छप्पन्नाचा दुष्काळ, त्यात गुजरातेतून मुली आल्या. १९०० च्या सुमारास इथं दीड हजारावर माणसं आणि शंभरावर जनावरं होती.

जरा हिशोब करा. माणशी रोज अर्धा किलो धान्य धरलं तरी दिवसाला साडेसात क्विंटल. शंभर एकरात ज्वारी पेरली आणि कोरडवाहूला एकरी चार क्विंटल उतारा धरला, तर सगळं मिळून चारशे क्विंटल, म्हणजे दोन महिनेसुद्धा पुरत नाही. जनावरांची वैरण वेगळीच. बाकीचं देणगीवर आणि मुलींच्या हातावर चाललं. शेती, गाईगुरं, तेलघाणा, विणकाम, शिवणकाम, छापखाना, सगळं बायकाच चालवत. बहात्तरला आपल्या आईबापांनी खडी फोडली आणि सुकडीवर दिवस काढले. त्यांना विचारा, दुष्काळात एक घर चालवणं काय असतं. इथं तर दीड हजारांचा स्वयंपाक होता.

घर म्हटलं की सगळ्या वयाची, सगळ्या तऱ्हेची माणसं आली. ज्या बायकांना गावाने वाईट चालीची म्हणून टाकलं होतं त्यांच्यासाठी कृपा सदन. म्हाताऱ्यांसाठी वेगळी सोय, लहान मुलग्यांसाठी वेगळी. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवली जाई, ते काम मनोरमाबाईंनी मनावर घेतलं होतं. परदेशात शिकून त्या आईच्या हाताखाली उभ्या राहिल्या होत्या. पुढे गुलबर्ग्याकडं मुलींची शाळा काढली तीही त्यांच्याच देखरेखीखाली.

रमाबाई शेवटपर्यंत साधं पांढरं लुगडं नेसत आणि शाकाहारीच राहिल्या. धर्म बदलला पण राहणी बदलली नाही. उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी ही कामं सदनातल्या मुलींनीच केली. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं.

जिच्यावर सगळी भिस्त होती ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता लेक. रमाबाई त्यानंतरही भाषांतराचे कागद तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला केडगावातच त्यांनी डोळे मिटले. १९८९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. संस्था आजही चालू आहे. स्टेशनवर उतरून कुणालाही विचारा.