वापरलेल्या रॉकेटची किंमत

1960 साली अमेरिकेच्या सरकारने रॉकेटांच्या एका जुन्या प्रकरणात 10 लाख डॉलर मोजले. पैसे मिळाले ते एका विधवेला आणि एका धर्मादाय संस्थेला. ज्यांनी ती रॉकेटे बनवली होती, ते रॉबर्ट गॉडार्ड 15 वर्षांपूर्वीच वारले होते. त्यांची बरीचशी रॉकेटे पडून मोडली होती, तर काहींचे भाग काढून पुढच्या रॉकेटात बसवले गेले होते. सरकारने पैसे दिले ते धातूच्या नळकांड्यांसाठी नव्हे. प्रत्येक उड्डाणानंतर गॉडार्ड जे शिकले आणि लिहून ठेवत गेले, ते वापरण्याच्या हक्काची ती किंमत होती.

रॉबर्ट हचिंग्ज गॉडार्ड यांचा जन्म 5 ऑक्टोबर 1882 रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर या गावी झाला. त्याच वर्षी मार्च महिन्यात रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयरोगाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले होते. हा रोग पुढे गॉडार्ड यांच्या घरात दोनदा शिरला. रॉबर्ट लहानपणापासून अशक्त होते. सतत आजारपण असल्याने शाळेत ते आपल्या वयाच्या मुलांपेक्षा दोन वर्षे मागे पडले. मात्र घरी पडून राहण्याच्या काळात त्यांनी भरपूर वाचले. एच. जी. वेल्स यांची मंगळावरून आलेल्या आक्रमकांची कादंबरी त्यांच्या हाती पडली आणि परग्रहांच्या प्रवासाचा विचार डोक्यात पक्का बसला. याच सुमारास त्यांच्या आईला क्षयरोग झाल्याचे निदान झाले.

19 ऑक्टोबर 1899 रोजी 17 वर्षांचे रॉबर्ट घरामागच्या चेरीच्या झाडावर वाळक्या फांद्या छाटायला चढले. वर बसल्याबसल्या मंगळापर्यंत जाऊ शकेल असे यंत्र बनवता आले तर काय, या विचाराने त्यांना घेरले. खाली उतरले तेव्हा आयुष्यात काय करायचे हे त्यांचे ठरले होते. पुढे जन्मभर त्यांनी ही तारीख आपल्या डायरीत वाढदिवसासारखी जपली.

वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमधून 1908 मध्ये पदवी आणि क्लार्क विद्यापीठातून 1911 मध्ये भौतिकशास्त्राची डॉक्टरेट मिळवल्यानंतर ते संशोधनासाठी प्रिन्स्टनला गेले. दिवसा प्रयोगशाळेतले काम आणि रात्री रॉकेटची गणिते, असा त्यांचा क्रम होता. 1913 च्या सुरुवातीला त्यांची तब्येत एकदम ढासळली. वूस्टरला परतल्यावर दोन्ही फुप्फुसांना क्षयाने ग्रासल्याचे आढळले. दोन आठवड्यांपेक्षा जास्त जगण्याची आशा डॉक्टरांनी दिली नाही.

त्या काळात क्षयरोगावर औषधच नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन हे पहिले परिणामकारक प्रतिजैविक सापडायला अजून 30 वर्षे होती. संपूर्ण विश्रांती, मोकळी हवा आणि चांगला आहार एवढेच उपचार होते. शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंना फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात कोंडून ठेवू शकली, तर रुग्ण वाचे. अन्यथा इलाज नसे. गॉडार्ड वाचले. ताप उतरू लागला तशी त्यांनी स्वतःला दिवसातून एक तास काम करण्याची मुभा दिली. त्या एकेका तासात त्यांनी प्रिन्स्टनमधली टिपणे काढून पेटंटचे अर्ज तयार केले. जुलै 1914 मध्ये त्यांना दोन पेटंटे मिळाली. एक होते टप्प्याटप्प्याने जळणाऱ्या रॉकेटचे, तर दुसऱ्यात द्रव इंधनावर चालणाऱ्या रॉकेटची कल्पना होती. आजही उपग्रह सोडणारी मोठी रॉकेटे या दोन कल्पनांवर उभी आहेत.

बरे झाल्यावर ते क्लार्क विद्यापीठात शिकवू लागले आणि फावल्या वेळात प्रयोग करू लागले. दिवाळीत आपण उडवतो त्या बाणासारखी दारूची रॉकेटे त्यांनी प्रथम तपासली. त्यांत जळणाऱ्या दारूच्या ऊर्जेपैकी जेमतेम 2 टक्के ऊर्जा रॉकेट ढकलायला उपयोगी पडते, असे त्यांना आढळले. मग त्यांनी वाफेच्या टर्बाइनमध्ये वापरले जाणारे, मध्ये निमुळते होऊन पुढे फाकणारे नॉझल रॉकेटला बसवले. अशा तोंडातून वायू फार वेगाने बाहेर पडतो. त्यामुळे कार्यक्षमता वाढत वाढत 60 टक्क्यांच्या पुढे गेली.

दुसरा प्रयोग याहून महत्त्वाचा होता. अवकाशात हवा नाही, मग रॉकेट ढकलणार कशाला, अशी शंका त्या काळी शिकलेली माणसेही काढत. प्रत्यक्षात रॉकेट हवेला रेटून पुढे जात नाही. तोंड न बांधता सोडलेला फुगा जसा आतली हवा मागे फेकून पुढे पळतो, तसे रॉकेट आपल्याच पोटातला वायू मागे फेकते आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे स्वतः पुढे जाते. गॉडार्ड यांनी 1915 मध्ये हवा काढून घेतलेल्या नळीत रॉकेट पेटवून हे सिद्ध केले. निर्वातात रॉकेट चाललेच, उलट हवेतल्यापेक्षा जास्त जोराने चालले.

पगारातून हा खर्च झेपेना, तेव्हा त्यांनी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहिले. 1917 मध्ये संस्थेने 5,000 डॉलर मंजूर केले. या कामावरचा त्यांचा प्रबंध 1920 च्या जानेवारीत लोकांपुढे आला. वातावरणाच्या वरच्या थरांत उपकरणे कशी पाठवता येतील हा त्याचा मुख्य विषय होता. शेवटी एका भागात, चंद्रावर आदळून लखकन पेटेल अशी दारू रॉकेटातून पाठवता येईल, असे गणित होते. वृत्तपत्रांनी नेमका तोच भाग उचलला. 13 जानेवारी 1920 रोजी न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखाच्या पानावर त्यांची खिल्ली उडवली. शाळेत शिकवले जाणारे साधे विज्ञानही या प्राध्यापकाला ठाऊक नाही, असा तिचा रोख होता. चूक वृत्तपत्राची होती, कारण निर्वातातला प्रयोग पाच वर्षांपूर्वीच झाला होता. पण घाव बसला. आधीच अबोल असलेले गॉडार्ड यानंतर आपले काम लोकांपासून दडवू लागले.

1924 मध्ये त्यांनी एस्थर किस्क यांच्याशी लग्न केले. एस्थर क्लार्क विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या कार्यालयात काम करत आणि गॉडार्ड यांचे लेख टंकलिखित करून देत. लग्नानंतर हिशेब, नोंदी आणि उड्डाणांचे छायाचित्रण हे सारे त्यांनी अंगावर घेतले.

16 मार्च 1926 रोजी ऑबर्न गावात, गॉडार्ड यांच्या नात्यातल्या एफी आत्यांच्या शेतावर, बर्फ अजून वितळले नव्हते. पेट्रोल आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालणारे साधारण 10 फूट उंचीचे रॉकेट चौकटीत उभे होते. सहकारी हेन्री सॅक्स यांनी लांब दांड्याला बांधलेल्या पेटत्या दिव्याने ते पेटवले. रॉकेट क्षणभर जागीच गुरगुरत राहिले, मग उठले. अडीच सेकंदांत ते 41 फूट वर गेले आणि 184 फुटांवर कोबीच्या वाफ्यात पडले. द्रव इंधनावर उडालेले हे जगातले पहिले रॉकेट. एस्थर यांच्या कॅमेऱ्यातली फीत नेमकी त्याआधीच संपली होती, त्यामुळे उड्डाणाचे चित्रण झाले नाही. पण गॉडार्ड यांच्या डायरीत दुसऱ्याच दिवशी सगळे तपशील उतरले होते.

पडलेल्या रॉकेटचे त्यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. पैसा तुटपुंजा असल्याने ते प्रत्येक रॉकेटचे अवशेष गोळा करत. काय वाकले, काय जळले, कुठे गळती झाली हे तपासून लिहून ठेवत आणि चांगले राहिलेले भाग पुढच्या रॉकेटला लावत. उपकरणे सुखरूप खाली यावीत म्हणून त्यांनी पॅराशूट बसवायला सुरुवात केली. 17 जुलै 1929 च्या उड्डाणात रॉकेटबरोबर हवेचा दाब मोजणारे यंत्र आणि कॅमेरा वर गेले आणि दोन्ही धड हाती लागले. मात्र या रॉकेटचा आवाज इतका मोठा झाला की विमान कोसळले असे समजून पोलीस आणि रुग्णवाहिका धावत आल्या. त्यानंतर ऑबर्नमध्ये त्यांना रॉकेट उडवता आले नाही.

या बातम्या विमानवीर चार्ल्स लिंडबर्ग यांच्या कानावर गेल्या. ते गॉडार्ड यांना येऊन भेटले आणि त्यांच्या शब्दाखातर उद्योगपती डॅनियल गुगेनहाइम यांनी 1930 मध्ये चार वर्षांसाठी 1 लाख डॉलर देऊ केले. गॉडार्ड दांपत्य न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला राहायला गेले. विरळ वस्ती, मोकळे आकाश आणि क्षयाने डागाळलेल्या फुप्फुसांना मानवणारी कोरडी हवा, असा तिहेरी फायदा तिथे होता. मंदीमुळे दोन वर्षे काम थांबले, पण एरवी 1941 पर्यंत तिथे उड्डाणे होत राहिली. भोवरा जसा फिरताना तोल सांभाळतो त्या तत्त्वावरचा जायरोस्कोप बसवून त्यांनी रॉकेट सरळ उडवले. ज्वालेच्या वाटेत हलणाऱ्या पात्या ठेवून त्याची दिशा वळवली. 26 मार्च 1937 रोजी त्यांचे एक रॉकेट 8 ते 9 हजार फुटांवर पोहोचले. त्यांच्या रॉकेटांनी गाठलेली ही सर्वाधिक उंची.

ही उंची त्यांच्या स्वप्नापुढे फारच थोडी होती आणि त्याचे एक कारण त्यांच्या स्वभावात होते. 1936 मध्ये कॅलिफोर्नियातल्या तंत्रशिक्षण संस्थेतले तरुण संशोधक फ्रँक मॅलिना रॉसवेलला येऊन गेले. गॉडार्ड यांनी त्यांचा पाहुणचार केला, पण यंत्राचे खरे तपशील दाखवले नाहीत. इंजिन, पंप, जायरोस्कोप, पॅराशूट हे सगळे मोजक्या मदतनिसांना हाताशी धरून ते स्वतःच सोडवत बसले. त्याच काळात जर्मनीत सरकारी पैशावर शेकडो माणसे एकाच रॉकेटवर राबत होती. 1944 मध्ये त्यांचे व्ही-2 लंडनवर कोसळू लागले.

दुसऱ्या महायुद्धात गॉडार्ड यांना अमेरिकी नौदलाने ॲनापोलिसला बोलावले. जड विमानांना उड्डाणासाठी जोर देणारी रॉकेटे बनवण्याचे ते काम होते. चेसापीकच्या दमट हवेत त्यांची तब्येत पुन्हा बिघडली. आवाज बसला, मग घशाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया होऊनही उपयोग झाला नाही. 10 ऑगस्ट 1945 रोजी, वयाच्या 62 व्या वर्षी, बाल्टिमोर इथे त्यांचे निधन झाले. ज्या माणसाला दोन आठवड्यांची मुदत मिळाली होती, तो 32 वर्षे जगला होता.

उरलेले काम एस्थर यांनी केले. डायऱ्या, नोंदवह्या आणि आराखडे तपासून त्यांनी पतीच्या नावे आणखी पेटंटे मिळवली. गॉडार्ड यांच्या एकूण 214 पेटंटांपैकी 131 त्यांच्या मृत्यूनंतरची आहेत. अमेरिकी लष्कर आणि नासा यांच्या रॉकेटांत यातल्या अनेक कल्पना वापरल्या जात होत्या. म्हणूनच 1960 मध्ये एस्थर आणि गुगेनहाइम फाउंडेशन यांना मिळून 10 लाख डॉलर द्यावे लागले. 17 जुलै 1969 रोजी, अपोलो-11 चंद्राच्या वाटेवर असताना, न्यूयॉर्क टाइम्सने 49 वर्षांपूर्वीची आपली चूक छापून दुरुस्त केली.

आज अमेरिकेत सामान्य नोकरदार माणसेही सुटीच्या दिवशी माळरानावर जाऊन आपल्या उंचीपेक्षा मोठी रॉकेटे उडवतात. मोठ्या ताकदीच्या मोटारी विकत घ्यायला नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री किंवा त्रिपोली रॉकेट्री असोसिएशन यांचे प्रमाणपत्र लागते. रॉकेट दुरून विजेने पेटवायचे, पॅराशूटने उतरवायचे, नवी मोटार भरून पुन्हा उडवायचे, ही पद्धत आहे. अशी वापरलेली रॉकेटे हातोहात विकलीही जातात. जाणता ग्राहक रंगापेक्षा पंखांच्या सांध्यांना तडा आहे का, पॅराशूटची दोरी उष्णतेने करपली आहे का हे आधी पाहतो. मग तो नोंदवही मागतो. किती उड्डाणे झाली, कोणती मोटार होती, कधी काय मोडले आणि कसे जोडले, हे लिहिलेले असेल तर रॉकेटला भाव येतो. नोंद नसेल तर कितीही चकचकीत रॉकेट धोक्याचेच.

कोबीच्या वाफ्यातून वाकलेला पत्रा उचलून आणणाऱ्या गॉडार्ड यांना हे पुरते ठाऊक होते. पडलेल्या रॉकेटने काय शिकवले ते त्यांनी कागदावर उतरवून ठेवले, म्हणून ते त्यांच्यानंतरही कामी आले. त्यांच्या हयातीत ते मोकळेपणाने इतरांच्या हाती पडले असते, तर ती किंमत कदाचित त्यांना स्वतःलाच पाहता आली असती.