घोरकष्ट सोसणारे टेंबे स्वामी

आपल्याकडे आरतीनंतर करुणात्रिपदी सुरू झाली की लहान मुलंसुद्धा ती पाठ म्हणतात. घोरकष्टोद्धरण स्तोत्र तर घरोघरी चालतं, आणि घरात कुणी आजारी पडलं की जास्तच. दोन्ही रचना प. प. श्रीवासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामींच्या. कष्टातून सोडवणारं स्तोत्र ज्यांनी आपल्या हाती दिलं, त्यांच्या स्वतःच्या वाट्याला काय आलं, हे मात्र आपण फारसं पाहत नाही.

सावंतवाडीजवळच्या माणगावी १८५४ साली श्रावण वद्य पंचमीला त्यांचा जन्म झाला. वडील गणेशभट्ट दत्तभक्त, आई रमाबाई. घरची स्थिती बेताची. वासुदेवशास्त्री वेद शिकले, ज्योतिष शिकले, वैद्यकही जाणत होते. १८८३ मध्ये त्यांनी गावात लहानसं दत्तमंदिर उभं केलं. लोक अडचणी घेऊन येऊ लागले, माणगावचं नाव झालं. एखाद्याने म्हटलं असतं, देवानं भरभरून दिलं. पण सात वर्षं होत आली आणि दत्तप्रभूंची आज्ञा मानून त्यांनी ते सगळं सोडलं. बरोबर पत्नी अन्नपूर्णाबाई.

या माउलीबद्दल चरित्रांतून चार ओळीच येतात. मला त्या कमी वाटतात. घर सुटलं, एक मूल झालं तेही मृत. तरी ती पतीमागून चालत राहिली. १८९१ च्या वैशाखात गोदाकाठी, आपल्या जवळच्या गंगाखेडला, महामारीने त्यांचं देहावसान झालं. स्वामींनी उत्तरक्रिया केली आणि लगेच तिथेच संन्यास घेतला. वय छत्तीस.

माझी उभी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे जमा आणि नावे या दोन बाजू लगेच डोळ्यांपुढे येतात. आपण देवाशीही तसाच हिशेब ठेवतो. पोराला नोकरी लागली की कृपा जमा, आजारपण आलं की कुठलं तरी पाप नावे. शेजाऱ्याच्या दुःखाचा हिशेब तर आणखी झटपट मांडतो. स्वामींच्या आयुष्याला ही वही लावून बघा. बायको गेली ती कोणत्या पापाची शिक्षा म्हणायची? त्यांनी शोक किती केला हे कोण सांगणार. देवाला जाब विचारला नाही, एवढं खरं.

पुढे तेवीस चातुर्मास झाले. हिमालयापासून थेट तंजावरपर्यंत. वाहन नाही, पायात काही नाही, दंड, कमंडलू आणि भिक्षेचं अन्न. विदर्भात पवनीला, आणि आपल्या शेजारच्या हिंगोलीकडे नामदेवरायांच्या नरसीलाही त्यांचा चातुर्मास झाला. श्रीनृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान कारंजा हेच, हेही त्यांनीच दाखवून दिलं. दत्तपुराण, दत्तमाहात्म्य असे मोठे ग्रंथ याच फिरतीत झाले.

आणि हे सगळं संग्रहणी अंगात असताना! पोटाचा हा जुना विकार ज्याला ठाऊक आहे, त्याला अनवाणी चालणं आणि त्रिकाळ स्नान म्हणजे काय ते कळेल. आलेल्या माणसाला ते औषध सांगत, स्तोत्र देत, त्याचं दुखणं हलकं व्हावं म्हणून झटत. स्वतःच्या देहाचा मात्र भोग भोगूनच संपवायचा, अशी त्यांची धारणा होती. दुसऱ्याला मात्र त्यांनी तुझं प्रारब्ध आहे, भोग, असं म्हणून परत पाठवलं नाही. मला त्यांचा हा भाग सर्वांत मोठा वाटतो.

१९११ च्या सुमारास कुरवपूरला घोरकष्टोद्धरण स्तोत्र झालं. त्यात पाप, ताप, रोग, दैन्य, भीती हरण करण्याची विनवणी आहे. पण तेवढ्यावर ते थांबत नाही. धर्माची आवड, चांगली बुद्धी, देवाची भक्ती आणि सत्संग हेही त्यात मागितलं आहे. घाईघाईत म्हणताना आपलं लक्ष पहिल्या मागणीवरच राहतं.

शेवटचा मुक्काम नर्मदाकाठी गरुडेश्वरला पडला. शरीर फार थकलं होतं, तरी नित्यनेम चालूच होता. १९१४ साली आषाढ शुद्ध प्रतिपदेला तिथेच त्यांनी देह ठेवला. साठावं वर्ष पुरं व्हायला दोन महिने उरले होते.