केडगावची माउली : पंडिता रमाबाई



५ एप्रिल ही पंडिता रमाबाईंची पुण्यतिथी. मोठ्या विदुषी, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या आणि शारदा सदनाच्या संस्थापिका एवढी त्यांची ओळख आपल्यापैकी बहुतेकांना असते. परंतु त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध, म्हणजे केडगावचा काळ, फारसा सांगितला जात नाही. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, हे त्याचे एक कारण असावे असे आम्हास वाटते. म्हणून या अंकात आम्ही मुद्दाम त्या भागावर अधिक लिहीत आहोत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कर्नाटकातील भागात, गंगामूळच्या जंगलात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित. बाईने संस्कृत शिकणे पाप समजले जाई, त्या काळात त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. लोकांचा रोष झाला, पण शास्त्रीबुवा मागे हटले नाहीत. पुढे याच लक्ष्मीबाईंनी आपल्या लेकीला शिकवले. रमाबाईंना लहानपणीच भागवतातील हजारो श्लोक मुखोद्गत झाले. हे कुटुंब एका गावी फार काळ राहत नसे. तीर्थक्षेत्री जायचे, देवळात पुराण सांगायचे आणि लोक जी दक्षिणा देतील तीवर गुजराण करायची, असा त्यांचा क्रम होता.

पुढे दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. पुराण ऐकायला येणाऱ्यांच्याच घरी दाणा नव्हता, तेव्हा दक्षिणा कोठून मिळणार? मजुरीची सवय नाही आणि भीक मागणे मनाला पटत नाही, अशा स्थितीत हे कुटुंब उपाशी राहिले. १८७४ मध्ये वडील गेले, मागोमाग आई आणि पुढे थोरली बहीणही गेली. आईच्या अंत्ययात्रेला चार माणसे मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी पडली म्हणून त्यांनी तिरडीचे टोक डोक्यावर घेतले. त्या वेळी त्या जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या. हा प्रसंग वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढच्या साऱ्या चरित्राचे मूळ आम्हास येथे दिसते.

उरलेली ही भावंडे पायी हिंडत हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, त्यामुळे टीका पुष्कळ झाली. दोन वर्षांच्या आतच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पती पटकीने वारले. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. पदरी वर्षाचीही न झालेली मनोरमा होती.

त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली. मुलींसाठी शिक्षिका हव्यात, स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतः डॉक्टर व्हावे म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. कानांनी कमी ऐकू येऊ लागल्याने ते शिक्षण घडले नाही.

तेथे वॉंटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहत होत्या. या भगिनींचे लंडनजवळ फुलहॅम येथे एक सेवाकेंद्र होते. समाजाने ज्यांना पतित म्हणून दूर लोटले, अशा स्त्रियांना तेथे प्रेमाने ठेवून घेत, त्यांची शुश्रूषा करीत, पुन्हा उभे करीत. रमाबाईंनी अनेक शास्त्रे वाचली होती, अनेक तीर्थे पाहिली होती. पण अशा बायकांना कोणी जवळ घेते, हे त्या प्रथमच पाहत होत्या. हे कोणाच्या शिकवणुकीने घडते, याचा शोध घेत त्या येशूच्या चरित्रापाशी पोहोचल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात ही वार्ता आली आणि खळबळ उडाली. मात्र धर्म बदलला म्हणून रमाबाई इंग्रज झाल्या नाहीत. पांढरी सुती साडी आणि शाकाहार त्यांनी जन्मभर सोडला नाही. चर्चच्या वरिष्ठांनी सांगितले म्हणून एखादी गोष्ट मान्य करणे त्यांना जमत नसे. आपल्या विवेकबुद्धीला पटेल तेच घेईन, यावरून त्यांचे इंग्लंडमधील हितचिंतकांशीही खटके उडाले.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली. बोस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी एक संस्था उभी राहिली. त्या साहाय्यातून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. येथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या.

सदनात धर्माचे शिक्षण द्यायचे नाही, असे ठरले होते. मुलींचे सोवळे-ओवळे, स्वयंपाक सारे त्यांच्या रीतीप्रमाणे चाले. पण रमाबाई स्वतःची प्रार्थना दार लावून करीत नसत आणि काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये मोठा वाद उठला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. विश्वासाने पाठवलेली आपली लेक आपल्यापासून तुटेल, ही पालकांची भीती खोटी नव्हती. आणि मी कोणावर बळजबरी करणार नाही, पण माझी श्रद्धा लपवणारही नाही, ही रमाबाईंची भूमिकाही प्रामाणिक होती. दोन्ही बाजू समजून घेतल्यावाचून हे चरित्र नीट कळत नाही.

त्यांची खरी परीक्षा त्यानंतर झाली. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. त्या प्रांताचा मोठा भाग आज आपल्या मध्यप्रदेशात आहे. अनाथ मुली व तरुण विधवा रस्त्यावर आल्या होत्या. त्यांना फसवून नेणारी माणसेही तेथे फिरत होती. रमाबाईंना स्वतःचे उपासाचे दिवस आठवले. वास्तविक शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते, पैसा त्याच कामासाठी येत होता. आपले काम एवढेच, असे म्हणून त्या पुण्यात बसू शकल्या असत्या. त्या तसे न करता दुष्काळी भागात गेल्या आणि सुमारे ३०० मुली घेऊन आल्या. कोणाची जात कोणती, हे विचारले नाही.

त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ होती. शहरात इतक्या मुली ठेवण्यास अडचण आली. पुण्यापासून सुमारे ५५ किलोमीटरवर, रेल्वे मार्गावरील केडगाव येथे त्यांनी जमीन घेऊन ठेवली होती. ती उघडी माळरानाची जागा. तेथे तात्पुरते निवारे उभारून मुलींना ठेवले. हेच पुढे ‘मुक्ती सदन’ झाले. आणलेल्या सगळ्याच मुली वाचल्या नाहीत. उपासमारीने खंगलेल्या कित्येक जणी औषधपाण्यालाही दाद न देता गेल्या. ज्या वाचल्या त्यांच्या अंगावर खरूज, डोक्यात उवा, आणि मनात अशी भीती की मिळालेली भाकरी त्या लपवून ठेवीत. त्यांना न्हाऊ घालणे, भरवणे, जवळ घेऊन निजवणे हेच पहिले शिक्षण होते.

१९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकडो मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन, मुलांसाठी सदानंद सदन निघाले. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली जाऊ लागली. विहिरी खणल्या, शेती व गोठा उभा राहिला. विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, छापखाना हे सारे मुली व बायकाच चालवीत. मोठ्या मुली लहानांना शिकवीत. येथे कोणीही नुसते आश्रित राहू नये, प्रत्येकीच्या हाताला काम व डोक्याला विद्या मिळावी, हे सूत्र होते.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकल्या. आधीची भाषांतरे संस्कृतप्रचुर असल्याने खेड्यातील बाईला कळत नसत. जिच्या जिभेवर संस्कृत नांदत होते, त्या विदुषीने मुद्दाम साधी, बोलीजवळची मराठी निवडली. ज्यांना पूर्वी अक्षरओळख नव्हती, त्या बायकांनी तिचे खिळे जुळवले. ज्ञान असूनही साधे बोलणे ही सुद्धा सेवाच आहे, हे आमच्या शिक्षक बंधू-भगिनींनी लक्षात घ्यावे.

आईच्या कामात उजवा हात असलेली मनोरमा जुलै १९२१ मध्ये वारली. रमाबाईंनी हा आघात सोसून भाषांतराचे काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे.

विद्यार्थी मित्रांनो, रमाबाईंचा धर्म आपण स्वीकारावा म्हणून हे लिहिलेले नाही आणि तो वगळून त्यांचे चरित्र सांगणेही आम्हास योग्य वाटले नाही. आपल्या घरी ज्या देवाची पूजा होते, त्याच्यावरील आपली श्रद्धा किती खरी, हे कशावरून ओळखावे? रमाबाईंच्या जीवनातून आम्हास एकच उत्तर मिळते. दाराशी आलेल्या, कोणालाही नको असलेल्या माणसाला आपण आत घेतो की नाही, यावरून.

विश्वस्त मंडळींना आणि पालकांना एक नम्र विनंती. आपली शाळा मराठी समाजाने वर्गणी काढून उभी केली. आज तिच्या फाटकाबाहेरून रोज अशी मुले जातात, ज्यांचे आईवडील मजुरीला या शहरात आले आहेत आणि ज्यांना फी परवडत नाही. ती मराठी बोलतात की नाही, ती कोणत्या जातीची आहेत, हे न विचारता येत्या सत्रापासून प्रत्येक वर्गात दोन जागा अशा मुलांसाठी विनाशुल्क ठेवाव्यात, असा प्रस्ताव आम्ही पुढील बैठकीत मांडणार आहोत. दोन हजारांपुढे हा आकडा फार लहान आहे. पण केडगावचे कामही एका उघड्या माळावरच सुरू झाले होते. आपण सर्वांनी या प्रस्तावावर सहानुभूतीने विचार करावा, ही प्रार्थना.