वेदनायगम सॅम्युअल अझरिया

वेदनायगम सॅम्युअल अझरिया (१७ ऑगस्ट १८७४ – १ जानेवारी १९४५) हे भारतीय ख्रिस्ती धर्मगुरू, मंडळी-संस्थापक आणि अँग्लिकन पंथाचे पहिले भारतीय बिशप होते. निजामाच्या हैदराबाद संस्थानातील डोर्नकल (सध्या तेलंगणा राज्य) येथे त्यांनी भूमिहीन व अस्पृश्य मानल्या गेलेल्या तेलुगू ग्रामीण समाजात ख्रिस्ती मंडळीची उभारणी केली. भारतीय मंडळी भारतीयांनीच चालवावी, तिचा विस्तार करावा आणि तिचा खर्चही उचलावा, हा विचार त्यांनी प्रत्यक्षात आणला. दक्षिण भारतातील प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या एकीकरणाचे ते एक प्रमुख प्रवर्तक होते.

प्रारंभिक जीवन

अझरिया यांचा जन्म मद्रास इलाख्यातील तिरुनेलवेली भागात वेल्लालनविलै या खेड्यात, नाडार समाजातील तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्यांचे वडील थॉमस वेदनायगम हे गावचे पाळक होते. ताडाची झाडे चढून उपजीविका करणाऱ्या नाडारांना त्या काळी समाजात हीन लेखले जाई. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती झालेल्या त्यांच्यातील अनेक गावांत शाळा आणि देवळे उभी राहिली. दुर्लक्षित समाज शिक्षण व उपासनेच्या आधारे उभा राहू शकतो, हे अझरिया यांनी लहानपणीच पाहिले होते.

त्यांचे उच्च शिक्षण मद्रास ख्रिश्चन कॉलेजात झाले. मात्र अंतिम परीक्षेच्या वेळी आजारी पडल्याने त्यांना पदवी मिळू शकली नाही. १८९५ मध्ये ते यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनचे (वायएमसीए) कार्यकर्ते झाले आणि पुढे सुमारे चौदा वर्षे त्यांनी दक्षिण भारतातील तरुणांत काम केले. १८९८ मध्ये त्यांचा विवाह अन्बू मरियम्माळ यांच्याशी झाला. महाविद्यालयीन शिक्षण घेणाऱ्या दक्षिण भारतातील पहिल्या काही ख्रिस्ती स्त्रियांपैकी त्या एक होत्या.

स्वदेशी मिशनसंस्था

१९०२ मध्ये अझरिया श्रीलंकेतील जाफना येथे गेले असता, तेथील तमिळ ख्रिस्ती लोक स्वतःच्या वर्गणीतून सुवार्ताप्रसारक पाठवीत असल्याचे त्यांना दिसले. तिरुनेलवेलीची मंडळी संख्येने मोठी आणि जुनी असूनही तिने असे काही केलेले नव्हते. या जाणिवेतून १९०३ मध्ये तिरुनेलवेलीत एक भारतीय मिशनसंस्था स्थापन झाली. तिचे कार्यकर्ते भारतीय होते आणि पैसाही भारतीयांचाच होता. कामासाठी तिने तेलुगू भाषक प्रदेश निवडला. २५ डिसेंबर १९०५ रोजी सेरामपूर येथे स्थापन झालेल्या नॅशनल मिशनरी सोसायटी या अखिल भारतीय व आंतरपंथीय संस्थेच्या संस्थापकांतही अझरिया होते.

डोर्नकल

इतरांना पाठवणाऱ्याने स्वतःही गेले पाहिजे, या भावनेने अझरिया यांनी १९०९ मध्ये वायएमसीएचे पद सोडले. त्याच वर्षी दीक्षा घेऊन ते सहकुटुंब डोर्नकलला गेले. तमिळ भाषक असल्याने त्यांना तेथे तेलुगू शिकावी लागली. प्रवास बहुधा बैलगाडीने किंवा सायकलने होई.

१९१० मध्ये एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत त्यांनी विदेशी मिशनरी आणि भारतीय सहकारी यांच्या संबंधांवर भाषण केले. मिशनरी त्याग करतात, दानही देतात; परंतु भारतीयांना बरोबरीची मैत्री देत नाहीत, असा त्यांचा आशय होता. या भाषणाने परिषदेत खळबळ उडाली. मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांचा मात्र त्यांना पाठिंबा होता. अनेक युरोपीय मिशनऱ्यांचा आणि काही भारतीय ख्रिस्ती लोकांचाही विरोध असताना २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. त्या वेळी त्यांचे वय ३८ वर्षे होते. पुढे डोर्नकल धर्मप्रांताचा विस्तार होऊन ब्रिटिश मिशनसंस्थांची जुनी क्षेत्रेही त्यात आली व युरोपीय मिशनरी एका भारतीय बिशपच्या अधिकाराखाली काम करू लागले.

मंडळीची उभारणी

धर्मप्रांतातील बहुसंख्य ख्रिस्ती लोक माला आणि मादिगा या दलित जातींतील होते. ते शेतमजुरी व चामड्याची कामे करीत आणि गावाबाहेरच्या वस्त्यांत राहत. बाप्तिस्म्याचा निर्णय बहुधा एकेकट्याने न होता कुटुंबांनी किंवा संपूर्ण वस्तीने मिळून घेतला जाई. अशा वस्तीत राहून मुलांना शिकवणारा आणि उपासना चालवणारा ग्रामशिक्षक हा अझरिया यांच्या कार्याचा कणा होता. या शिक्षकांतून पुढे अनेकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. निरक्षर प्रौढांना शिक्षण देण्यासाठी तेलुगू गीते, कथा व नाट्य यांचा उपयोग केला जाई. सुवार्ता सांगणे हे प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीचे कर्तव्य आहे, अशी शपथ नव्या सभासदांकडून घेतली जाई.

अत्यंत गरीब सभासदांनीही मंडळीला काहीतरी द्यावे, याबाबत अझरिया आग्रही होते. सुगीच्या उपासनेत लोक धान्य आणि कोंबड्या आणीत. जो देतो तो आश्रित राहत नाही, अशी यामागची त्यांची भूमिका होती. १९१२ मध्ये सुमारे ५६ हजार असलेली धर्मप्रांतातील ख्रिस्ती लोकसंख्या १९४१ पर्यंत सव्वादोन लाखांवर गेली. माला आणि मादिगा यांच्यातील जुना दुरावा मात्र मंडळीतही पूर्णपणे मिटला नाही. दोघांनी एकाच मेजावर प्रभुभोजन घ्यावे, यासाठी अझरिया यांना सतत प्रयत्न करावे लागले.

६ जानेवारी १९३९ रोजी डोर्नकलच्या एपिफनी कॅथीड्रलचे समर्पण झाले. त्याच्या रचनेत हिंदू मंदिरांचे खांब व कमळे आणि इस्लामी वास्तुशैलीतील घुमट व मिनार यांचा मेळ आहे.

राजकीय भूमिका आणि गांधीजींशी मतभेद

अझरिया यांनी भारतीय ख्रिस्ती समाजासाठी स्वतंत्र मतदारसंघांना विरोध केला. त्यामुळे हा समाज देशबांधवांपासून तुटेल, असे त्यांचे मत होते. १९३५ मध्ये येवले येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केल्यानंतर दलितांच्या धर्मांतराचा प्रश्न देशभर तीव्र झाला. दलितांची सामूहिक धर्मांतरे खऱ्या श्रद्धेतून होतात, हे महात्मा गांधींना मान्य नव्हते आणि डोर्नकलच्या कार्यावर त्यांचा आक्षेप होता. अझरिया यांना मात्र हा आक्षेप दलितांची स्वतःची निवड करण्याची क्षमताच नाकारणारा वाटे. हा मतभेद अखेरपर्यंत मिटला नाही.

एकीकरण आणि वारसा

१९१९ मध्ये तरंगमबाडी येथे भरलेल्या, बहुतांशी भारतीय पाळकांच्या सभेत मंडळ्यांच्या एकीकरणाचे आवाहन करण्यात आले. तिच्या प्रमुख आयोजकांत अझरिया होते. पाश्चात्त्य पंथभेद भारतीय खेड्यांवर लादणे त्यांना अन्यायाचे वाटे. १ जानेवारी १९४५ रोजी डोर्नकल येथे त्यांचे निधन झाले. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रास येथे चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना झाली आणि डोर्नकल हा तिच्या धर्मप्रांतांपैकी एक ठरला.