मारँ मर्सेन: तारेचं गणित मांडणारा संन्यासी आणि आजची तिरप्या फ्रेट्सची बेस गिटार

मल्टी-स्केल बेस गिटार पहिल्यांदा पाहिली की बहुतेकांना वाटतं, फ्रेट्स बसवताना कारागिराचा हात हलला की काय! फ्रेट्स पंख्यासारख्या पसरलेल्या, वरचा नट तिरका, खालचा ब्रिजही तिरका. पण यात चूक काहीच नसते. कॅनडातल्या डिंगवॉल कंपनीच्या पाच तारांच्या काही बेसवर सर्वांत जाड बी तार 37 इंच लांब असते आणि सर्वांत बारीक जी तार 34 इंच. साध्या बेसवर मात्र सगळ्या तारा साधारण 34 इंचांच्या.

मग प्रत्येक तारेला वेगळी लांबी का द्यायची? याचं उत्तर ज्या नियमात आहे तो 1636 मध्ये पॅरिसमधल्या एका ख्रिस्ती संन्याशाने छापून प्रसिद्ध केला. त्याचं नाव मारँ मर्सेन. तुम्ही पायथॉनमध्ये रँडम संख्या काढली असेल, तर हे नाव नकळत वापरलंही असेल. त्यामागच्या अल्गोरिदमचं नाव आहे मर्सेन ट्विस्टर.

शेतातून मठात

मर्सेनचा जन्म 8 सप्टेंबर 1588 रोजी फ्रान्समधल्या ओआझे या गावी झाला. घरची परिस्थिती बेताची. तरीही तो ला फ्लेश इथल्या जेझुइट पंथाच्या नामांकित शाळेत शिकला. पुढे पॅरिसमध्ये धर्मशास्त्र शिकून 1611 मध्ये तो मिनिम या पंथात दाखल झाला. या पंथाचे नियम कडक होते. मांस, अंडी, दूध, लोणी काहीही वर्ज्यच, आणि तेही आयुष्यभर.

काही वर्षं नव्हेर इथे शिकवून तो पॅरिसला परतला आणि शेवटपर्यंत तिथल्याच मठात राहिला. सुरुवातीच्या पुस्तकांत तो नास्तिकांवर तुटून पडणारा कट्टर धर्मरक्षक दिसतो. पण हळूहळू त्याचं लक्ष वादांवरून मोजमापाकडे वळलं. देवाने सृष्टी नियमाने बांधली असेल, तर तो नियम मोजून सापडला पाहिजे, अशी त्याची भूमिका झाली. आणि मोजायला त्याने निवडलं संगीत.

पुस्तकात लिहिलंय म्हणून खरं नाही

तार अर्धी केली की सूर एक सप्तक वर जातो, हे ग्रीकांच्या काळापासून माहीत होतं. ताणाबद्दल मात्र एक चुकीची गोष्ट शतकानुशतकं पुस्तकातून पुस्तकात कॉपी-पेस्ट होत आली होती. तारेला टांगलेलं वजन दुप्पट केलं की सूर सप्तकभर चढतो, असं त्यात होतं. प्रत्यक्षात वजन चौपट करावं लागतं. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो हे स्वतः संगीतकार. त्यांनी आधीच हे तपासून पाहिलं होतं. मर्सेनने एक पाऊल पुढे जाऊन लांबी, ताण आणि जाडी या तिन्हींचा संबंध एकत्र मांडला.

अडचण अशी होती की वाद्याची तार सेकंदाला शेकडो वेळा हलते. डोळ्याला ती नुसती धूसर दिसते, मोजणार कशी? त्या काळी सेकंद अचूक दाखवणारं घड्याळसुद्धा नव्हतं. मर्सेनने युक्ती केली. त्याने नव्वद फुटांहून लांब दोर आणि पितळी तार ताणून बांधली. इतकी लांब तार सावकाश हलते, त्यामुळे तिची कंपनं डोळ्यांनी मोजता येतात. मग लांबी कमी करत नेली की कंपनं कोणत्या प्रमाणात वाढतात ते पाहून छोट्या तारेचा हिशोब लावता येतो. कोड डीबग करताना आपण वेगाने पळणारा लूप एकेक पायरी चालवून बघतो ना, अगदी तसंच.

त्याचे निष्कर्ष ‘आर्मोनी युनिव्हर्सेल’ या ग्रंथात आले. सोप्या भाषेत सांगायचं तर:

- लांबी दुप्पट केली की कंपनं निम्मी होतात.
- ताण चौपट केला की कंपनं दुप्पट होतात.
- तेवढ्याच लांबीच्या तारेचं वजन चौपट केलं की कंपनं निम्मी होतात.

गॅलिलिओनेही 1638 च्या त्याच्या ग्रंथात स्वतंत्रपणे हेच संबंध मांडले. गणिताने त्यांची सिद्धता द्यायला मात्र 1713 साल उजाडलं. ते काम ब्रुक टेलर या इंग्रज गणितज्ञाने केलं.

बी तार ढिली का पडते?

आता हाच नियम बेसवर लावू. बेसच्या ई तारेची कंपनं सेकंदाला सुमारे 41.2, तर बी तारेची सुमारे 30.9. ई चीच 105 गेजची, म्हणजे 0.105 इंच जाडीची तार 34 इंचांवर बी पर्यंत उतरवली, तर ताण जेमतेम 56 टक्के उरतो. तार लोंबकळते, फ्रेटवर आपटून खरखरते.

पूर्ण ताण ठेवून नुसत्या लांबीने बी गाठायचा, तर तार 45 इंचांची लागेल. एवढा हात कुणाचा पोहोचणार? नुसत्या जाडीने गाठायचा, तर अंदाजे 140 गेज लागेल. पण इतकी जाड तार सळईसारखी वागू लागते. मर्सेनचा नियम पूर्ण लवचीक तारेसाठी आहे. तार ताठ झाली की तिचे वरचे उपस्वर थोडे चढे लागतात आणि आवाज गढूळ होतो.

मल्टी-स्केल म्हणजे या दोन टोकांमधली तडजोड. 130 गेजची बी तार 34 इंचांवर लावली तर तिचा ताण ई च्या सुमारे 86 टक्केच भरतो. तीच तार 37 इंचांवर न्या. ताण लांबीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 18 टक्के जास्त, आणि साध्या बेसवरच्या 105 च्या ई तारेशी जवळपास बरोबरी! पण या बेसवर ई तारही सव्वाछत्तीस इंचांच्या आसपास येते. म्हणून तिथे 105 ऐवजी 100 गेज लावली की ताण पुन्हा जुळतो. कस्टम सेट निवडताना हा हिशोब कागदावर पाच मिनिटांत होतो. नुसत्या अंदाजाने सेट बदलत बसण्यापेक्षा ते खूपच स्वस्त पडतं.

तार विकत घेताना लांबीही बघा. तारेचा पूर्ण जाडीचा गुंडाळा नटच्या पलीकडे पोहोचला पाहिजे. 34 इंची बेससाठीचा सेट 37 इंचांवर अनेकदा अपुरा पडतो. नवीन गेज लावलं की मानेवरचा एकूण ताण बदलतो. म्हणून आधी सुरात लावा, मग ट्रस रॉडने मानेचा बाक, मग तारांची उंची आणि सर्वांत शेवटी इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट यायला हवा. चढा येत असेल, तर सॅडल मागे घ्या. जाड, ताठ तारांचं सॅडल जास्त मागे घ्यावं लागतं ते याचमुळे.

तिरप्या फ्रेट्सची कल्पनाही तशी जुनीच. मर्सेनच्याच काळात इंग्लंडमध्ये ऑर्फेरियन नावाचं धातूच्या तारांचं वाद्य होतं आणि त्याच्या काही नमुन्यांवर फ्रेट्स तिरप्या आहेत. अमेरिकेत राल्फ नोवॅक यांनी 1989 मध्ये फॅन्ड फ्रेटचं पेटंट मिळवलं आणि ही रचना आधुनिक गिटारवर आली.

मठातला सर्व्हर

मर्सेनचं दुसरं मोठं काम म्हणजे पत्रव्यवहार. तेव्हा विज्ञानाची नियतकालिकं नव्हती. देकार्त, फर्मा, पास्कल, गासँदी, टॉरिचेली, तरुण हायगेन्स अशा अनेकांशी त्याचा संपर्क होता. एकाचा प्रश्न तो दुसऱ्याला पाठवायचा, दुसऱ्याचं उत्तर तिसऱ्याला. 1633 मध्ये चर्चने गॅलिलिओला शिक्षा केली. त्यानंतर वर्षभरातच, 1634 मध्ये, या कॅथलिक संन्याशाने गॅलिलिओचं यांत्रिकीवरचं लेखन फ्रेंचमध्ये आणलं. याला धाडस लागतं.

स्वतःला न सुटलेले प्रश्नही तो लपवत नसे. एकाच मोकळ्या तारेतून त्याला मूळ सुराबरोबर वरचे आणखी सूर ऐकू यायचे. एक तार एकाच वेळी अनेक सूर कसे काढते, हे त्याला उमगलं नाही. त्याने ते अनेकांना विचारलं. समाधानकारक उत्तर त्याच्या हयातीत मिळालं नाही. तेच उपस्वर आज आपल्या बी तारेचा आवाज बिघडवतात किंवा खुलवतात.

चुकाही त्याने उघडपणेच केल्या. 2 चा घात करून त्यातून 1 वजा केल्यावर मूळ संख्या कधी मिळते, याची यादी त्याने 1644 मध्ये छापली. 257 पर्यंतच्या घातांच्या त्या यादीत 67 आणि 257 चुकीचे निघाले आणि 61, 89, 107 राहून गेले. हे सगळं उलगडायला पुढची तीनशे वर्षं गेली. तरी त्या संख्यांना नाव त्याचंच मिळालं, कारण तपासायला काहीतरी त्याने समोर ठेवलं होतं.

1 सप्टेंबर 1648 रोजी, साठावा वाढदिवस आठवड्यावर असताना, फुप्फुसाच्या आजाराने तो गेला. जाण्यापूर्वी त्याने सांगून ठेवलं होतं की आपला देह उघडून आजाराचं कारण शोधावं. त्याच्या खोलीत 78 जणांची पत्रं सापडली.

पुढच्या वेळी बेसवर नवीन तारा चढवाल आणि बी तार ढिली वाटेल, तेव्हा लगेच आणखी जाड सेट मागवू नका. आधी लांबी, ताण आणि वजन कागदावर मांडा. मोजून बघणं हीच तर मर्सेनची शिकवण आहे.